एडिटर मागे चालूच असतो

ऑफिसातली पोरं मला हसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या पडद्यांवर रंगीत चौकटी, बटणं, चित्रं. आणि माझ्या पडद्यावर काळ्या जागेत पांढरी अक्षरं, बस्स. माउसला मी हात लावत नाही. परवा एक पोरगा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो म्यूजियम में रखने का है." मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "ठेव बाबा. मलाही ठेव बाजूला आणि तिकीट लाव, रिटायरमेंटची सोय होईल." गेला निघून. मी तोंडाची फटकळ आहे हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि मग आमचं छान जमतं.

ज्यात प्रोग्रॅम लिहायचे त्या साधनाला एडिटर म्हणतात. माझा एडिटर जुन्या वळणाचा. टर्मिनल नावाची जी काळी खिडकी असते, जिच्यात नुसतं टाईप करायचं, तिच्यात तो चालतो. नोकरीला लागले तेव्हा हाती आला. पुढे नोकऱ्या बदलल्या, घर बदललं, कॉम्प्युटर तर किती बदलले देव जाणे, पण हा राहिला. माझा नवरा वकील आहे. त्याच्या घराण्यात निजामाच्या काळापासून कोर्टकचेरीच चालत आलेली. त्याला त्या काळ्या पडद्यातलं ओ की ठो कळत नाही. "लग्नाच्या आधीपासूनचा आहे तो, त्यामुळे त्याचा मान माझ्या वरचा," असं तो आल्यागेल्याला सांगतो. लोक हसतात, मीही हसते. खोटं काही नाहीच त्यात.

या एडिटरची गंमत अशी, की तो आपल्याला हवा तसा वळवता येतो. ही कळ दाबली की अमुक व्हावं, ती दाबली की तमुक. मीही वळवत गेले. माळ्यावर सामान टाकावं तशी वर्षानुवर्षं एकेक सोय त्याच्यावर चढवत गेले आणि खाली काहीच उतरवलं नाही. त्यामुळे सकाळी एडिटर सुरू करायला सांगितलं, की तो ते सगळं सामान आधी नीट मांडून घ्यायचा आणि मगच मला आत घ्यायचा. तेवढ्यात माझा चहा व्हायचा. अगदी आलं किसून, उकळून, गाळून.

आणि तेवढ्या वेळात माझी लेक बोलायची.

विद्यानगरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागूनच जेवणाचं टेबल आहे आणि टेबलाच्या एका टोकाला माझा कॉम्प्युटर. ऑफिसला निघण्याआधी तासभर मी तिथे काम करते. लेक समोर येऊन बसायची. एकुलती एक. केस विस्कटलेले, एक पाय खुर्चीवर घेतलेला, हातात बिस्किट. तेव्हा ती इंजिनिअरिंगला होती. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासांमधून सुटून कॉलेजात गेली होती आणि तोंडाला नुसता ऊत आला होता. आज कोण कोणाशी बोलत नाही, कँटीनच्या इडलीत काय सापडलं, अमक्या मैत्रिणीची आई कशी फोनवर तेलुगूत ओरडते. तिचे एक सर होते, ते प्रत्येक वाक्यानंतर "समझ में आरा नै?" म्हणायचे. त्यांची नक्कल ती अशी करायची की माझ्या हातातून गाळणी निसटायची. मी पोहे पुढे केले की हैदराबादी ठसक्यात म्हणायची, "आई, नक्को." परभणीची माझी आई हे ऐकून कपाळाला हात लावायची, "नक्को काय गं, नको म्हण," असं फोनवरून शिकवायची. नक्कोचं नको काही झालं नाही.

मग पडदा उजळायचा. लेकीचं वाक्य अर्धवट असायचं, पण तिला सवय झाली होती. "जा, उघडला तुझा," म्हणायची आणि बिस्किट चहात बुडवायची.

एका रविवारी मात्र तिचा धीर सुटला. तीही तेच शिकत होती, तिला आता यातलं कळायला लागलं होतं.

"आई, कसलं स्लो आहे हे! तू रोज हे सहन करतेस?"

"सहन काय करायचंय त्यात? चहा होतो तेवढ्यात."

"अगं पण कशाला? तो मागे चालू ठेव ना. कॉम्प्युटर लागला की हा आपोआप सुरू होईल. दिसणार नाही, पण सगळं मांडून तयार बसलेला असेल. तू फक्त खिडकी मागायची. खिडकी बंद केलीस तरी हा मरणार नाही, मागे चालूच राहील. इराण्याच्या हॉटेलात चहाचं भांडं कधी शेगडीवरून उतरतं का? गिऱ्हाईक आलं की कप भरायचा, झालं."

मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे! तिच्या जन्माच्या आधीपासून मी या धंद्यात आहे. पण माहीत असणं निराळं आणि उठून करणं निराळं. तिने मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि चार ओळी लिहून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुकूम दिला आणि कळेवरून बोट उचलायच्या आत खिडकी समोर. "बघ! बघ!" ती टाळ्या वाजवत म्हणाली. मी म्हटलं, "वा गं माझी बाई." आणि कामाला लागले. चहा मागाहून झाला. ती बिस्किट घेऊन समोर बसली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मी आत शिरलेली पाहिली आणि तिने आपला फोन उचलला.

वेळ वाचला, हे खरंच. वाचलेला तो वेळ कुठे गेला ते मात्र मला आजतागायत सापडलेलं नाही. त्या वेळी तर मी ऑफिसात मिरवलंसुद्धा, की आमच्या लेकीने माझा एडिटर कसा पळता केला म्हणून.

पुढे ती टोरांटोला गेली. आधी शिकायला, मग तिथेच नोकरी. जाण्याआधी आठवडाभर घरात सगळा पसारा, नवरा बॅगा वजनकाट्यावर चढवतोय आणि उतरवतोय, आणि ही माझ्या कॉम्प्युटरपुढे बसलेली. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणाली, "तिकडून मला तुझ्या एडिटरमध्ये येता यावं अशी सोय करतेय. तो मागे चालूच असतो ना? मग त्याची एक खिडकी इथे तुझ्याकडे, एक तिथे माझ्याकडे. एकच पान दोघींपुढे. तू इकडे अक्षर टाईप केलंस की मला तिकडे दिसणार." विमानतळावर आत जाता जाता तिने बाबांना शेवटचं काय सांगितलं असेल, तर "कॉम्प्युटर बंद करू नका हं." त्याने परत आल्या आल्या इन्व्हर्टर घेतला. ज्याला एडिटरचं ओ की ठो कळत नाही तो माणूस लाइट गेली की आधी त्या कॉम्प्युटरकडे धावतो.

आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. मी चहा घेऊन बसायची, ती तिचं जेवण घेऊन. एक पान उघडं असायचं आणि त्यावर आम्ही लिहायचो. फोन होताच, पण फोनवर सगळे असतात. या पानावर आम्ही दोघीच. मी मराठीत लिहायची, अस्सल देवनागरीत. ती मराठी घडाघडा बोलते, पण वाचताना तिची गाडी बैलगाडी होते. शाळेत तिला तेलुगू, हिंदी, इंग्रजी. मराठी फक्त घरात आणि कानावर. माझ्या चार ओळी वाचायला तिला बराच वेळ लागायचा. जोडाक्षर आलं की आणखी. मग उत्तर यायचं, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. "आई तू पण असं लिही ना, पटकन वाचता येतं," असं ती किती वेळा म्हणाली. मी कसली ऐकतेय! मुद्दाम देवनागरीतच लिहिलं. तेवढा वेळ तरी ती माझ्या ओळीपाशी थांबेल, एवढाच माझा स्वार्थ.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. खिडक्या दोन असल्या तरी एडिटर एकच. त्याने एका खिडकीत काही प्रश्न विचारला, म्हणजे समजा, बदल जपलेले नाहीत, तरी बंद करू का, हो की नाही, तर त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो दुसऱ्या खिडकीचं काही ऐकत नाही. तिकडची खिडकी थिजते. सुरुवातीला एकदा असाच प्रश्न समोर असताना सिलिंडरवाला आला आणि मी उठून गेले. पुढे बोलत काय बसले, भाजी काय टाकली. तिकडून लेकीचा फोन. "आई! तुझ्या खिडकीत प्रश्न उभा आहे! माझं सगळं अडकलंय!" मी कणकेच्या हाताने धावत जाऊन उत्तर दिलं. तेव्हा आम्ही नियमच केला, की उत्तर देऊन उठायचं. हा नियम घरात इतका मुरला, की मी नवऱ्याला भाजी कोणती करू विचारावं आणि त्याने पेपरात डोकं घालावं, तर मी तेच म्हणते. तोही निमूट "भेंडी" म्हणतो आणि मग पान उलटतो.

नवरा दर रविवारी व्हिडिओवर तिला न चुकता एक विचारतो: "मग, कधी येतेस?" ती म्हणते, "बघू बाबा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याला काही वाटत नाही. मी मात्र कधी विचारलं नाही. याचं कारण माझी आई. लग्न होऊन मी हैदराबादला आले तेव्हापासून फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य "कधी येतेस?" कशी आहेस ते नंतर. माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ऑफिस, सासरची माणसं, मुलीची परीक्षा, कारणं देता देता मी थकायची. तेव्हाच ठरवलं होतं, आपण आपल्या मुलीच्या छातीवर हा दगड ठेवायचा नाही. आणि लेकीला त्याचं केवढं कौतुक! तिच्या मैत्रिणींच्या आया फोनवर रडायच्या. ही सगळ्यांना सांगायची, "माझी आई कूल आहे, ती कधीच विचारत नाही." झालं! आता कूल म्हटलेल्या बाईने रडायचं कसं?

पण मला ती हवी होती. सरळच सांगते, मला ती हवी होती. टेबलाच्या पलीकडे, खुर्चीवर पाय घेऊन, बिस्किटाचा चुरा सांडत बसलेली. नोकरी लागल्यापासून ती एकदाच आली, तीही कोणाच्या तरी लग्नाला, आणि अर्धे दिवस खरेदीत गेले. मग तिकडे कायम राहण्याच्या कागदपत्रांचं बोलणं मधूनमधून कानावर यायला लागलं. ती परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं. आणि तेच मी विचारणार नव्हते.

पानावरचं लिहिणंही हळूहळू आटत गेलं. माझ्या चार ओळी असायच्या, तिचं "हो आई". मग "ओके". मग "नंतर वाचते". नंतर म्हणजे कधी ते देवाला ठाऊक. तरी तिची खिडकी असायची. किती खिडक्या उघड्या आहेत हे एडिटरला विचारता येतं, आणि मी रोज सकाळी पहिलं काम ते करायची. तो सांगायचा, दोन. मला तेवढं पुरायचं. पुरायचं म्हणजे काय, मी पुरवून घ्यायची.

मग या हिवाळ्यात एका सकाळी मी चहा घेऊन बसले, कळ दाबली, तर पडदा ढिम्म. दुसरी दाबली, तेच. मला लगेच कळलं. तिच्या खिडकीत प्रश्न उभा होता. आणि खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं. म्हणजे पोरगी येऊन गेली होती, काहीतरी करत होती. मी फोन लावला, तो लागला नाही. मेसेज टाकला, "अगं बये, तुझ्या खिडकीत प्रश्न उभा आहे, उत्तर दे." तो पोचलाच नाही. मी डबा घेऊन ऑफिसला गेले. संध्याकाळी घरी येऊन चपलाही न काढता आधी कॉम्प्युटरकडे गेले. तसाच थिजलेला.

"अगं, बंद करून चालू कर ना," नवरा म्हणाला. "मी टीव्हीचं तसंच करतो."

"तिची खिडकी तुटेल त्याने."

"तुटेल तर तुटेल. ती पुन्हा उघडेल."

ती पुन्हा उघडेल याची मला खात्री असती, तर मी त्याच क्षणी बंद करून चालू केलं असतं.

दुसऱ्या दिवशीही फोन लागेना. आता त्याचंही तोंड उतरलं. दुपारी ऑफिसात असताना त्याचा फोन आला, आवाजात हायसं वाटलेलं: "अगं, मेसेज आला तिचा. मित्रमैत्रिणींबरोबर कुठल्या तळ्याकाठी गेलीय. रेंज नाही म्हणे, सोमवारी बोलू, काळजी करू नका." मी म्हटलं, "बरं झालं." फोन ठेवला आणि मग माझं डोकं फिरलं. प्रश्न तसाच टाकून उठली आणि खुशाल तळ्यावर गेली! कळवलं तेही बाबांना! शेजारच्या पोराने विचारलं, "क्या हुआ मॅडम?" मी म्हटलं, "कुछ नै. काम कर." त्या दिवशी त्या बिचाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये मी इतक्या चुका काढल्या, की तो चहालाही उठला नाही.

रविवार आला. व्हिडिओ नाही म्हटल्यावर नवऱ्याला घर खायला उठलं. तो पिशवी घेऊन भाजी आणायला म्हणून बाहेर पडला. घरात मी एकटी. चहा केला, आणि सवयीने जाऊन त्या थिजलेल्या खिडकीपुढे बसले. तिच्यात माझीच जुनी चार ओळींची विचारपूस दिसत होती, खाली तिचं "नंतर वाचते". मी एक कळ दाबली. काही उमटलं नाही. आणखी एक दाबली. आणि काही उमटत नाही म्हटल्यावर माझी बोटं सुटली.

मी लिहिलं, ये गं घरी. मी कूलबिल काही नाही. तुझे बाबा विचारतात तेव्हा मी भाजी चिरायच्या निमित्ताने आत जाते, तुझं उत्तर ऐकायला लागू नये म्हणून. मला तुझ्याशिवाय करमत नाही. ऑफिसात तुझ्या वयाच्या पोरी दिसल्या की त्यांच्या डब्यात काय आहे ते बघत बसते. तू परत येणार आहेस का, एवढंच सांग. नसशील येणार तर तसं सांग, पण सांग. ये गं. असं बरंच काही. पडदा जसाच्या तसा. भिंतीशी बोलावं तसं झालं ते, आणि मला फार बरं वाटलं. नाक पुसलं, चहा गार झाला होता तो तसाच प्यायले आणि उपम्याला रवा भाजायला घेतला. नवरा परत आला तेव्हा म्हणाला, "आज फ्रेश दिसतेस."

तिचा फोन आला तो मंगळवारी सकाळी. मी कॉम्प्युटरपुढेच होते.

"आई, सॉरी, सॉरी, सॉरी! आत्ता पाहिलं. बेल वाजली, सगळे खाली गाडी घेऊन उभे होते, मी तशीच पळाले. लॅपटॉप टेबलावर चालूच राहिला."

"नियम काय होता आपला?"

"उत्तर देऊन उठायचं. सॉरी ना! पण आई, तू इतके दिवस तशीच बसलीस? बंद करून पुन्हा सुरू करायचा ना. एक ओळ टाईप केली की काम झालं असतं. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. तुझी खिडकी तुटली असती."

ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मी हा एडिटर आता वापरत नाही गं. आमच्या ऑफिसात दुसरा आहे, सगळं त्यातच करते. हा मी फक्त तुझ्यासाठी उघडून ठेवते. तू रोज खिडक्या मोजतेस ना, म्हणून."

मला वाटलं होतं, तिला ते माहीत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार! "आता उत्तर देऊन टाक, माझं काम अडलंय."

"देते, थांब."

तिने तिकडे उत्तर दिलं आणि इकडे माझी खिडकी जिवंत झाली. मी कळेला हात लावायच्या आत पडद्यावर आपोआप अक्षरं धावायला लागली. ये गं घरी. मी कूलबिल काही नाही. दाबलेली कळ वाया जात नाही, ती आत साठून राहते आणि एडिटर मोकळा झाला की क्रमाने बाहेर पडते. हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते! बोर्डावर चित्र काढून शिकवते! आणि मीच ते साफ विसरले होते. रविवारचं सगळं, एकूण एक अक्षर, त्या पानावर ओतलं जात होतं, आणि तेच पान टोरांटोत तिच्यापुढे उघडं होतं.

मी पुसायला हात पुढे केला.

"आई, हे काय येतंय? आई, पुसू नकोस. थांब. मी वाचते."

"अगं काही नाही ते."

"पुसू नकोस म्हटलं ना."

मी हात मांडीवर घेतला. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तिच्या त्या बैलगाडीच्या चालीने. "ये... गं... घरी. मी कूल... कूलबिल... काही नाही." इथे ती फिसकन हसली. "तुझे बाबा वि-चा-र-तात तेव्हा मी भाजी चि... चिरायच्या..." पुढे निमित्ताने या शब्दापाशी ती अडली. तिने तो स्वतःच जुळवला आणि पुढे सरकली. आता ती हसत नव्हती. प्रत्येक अक्षर तिच्या तोंडून सावकाश येत होतं आणि मला पळायला कुठे जागा नव्हती. आतल्या खोलीतून नवरा बाहेर आला, माझं तोंड बघितलं आणि टॉवेल हातात घेऊन तसाच दारात उभा राहिला. "नसशील येणार तर तसं सांग," तिने वाचलं, "पण सांग." आणि शेवटचं, "ये गं."

"तू कधी म्हणाली नाहीस, आई," ती म्हणाली. रडत होती.

"तूच म्हणायचीस ना सगळ्यांना, माझी आई कूल आहे."

"म्हणायची. कारण तू विचारायची नाहीस. बाकीच्यांच्या आया रडायच्या, त्या पोरी चिडायच्या, आणि मी तिथे बसून आपली म्हणायची, माझी आई कूल आहे. घरी येऊन मला वाटायचं, आईला चालतंय माझ्याशिवाय. तिचं छान चाललंय."

"कसलं छान, बाळा."

"आई, खरं सांगू?"

"सांग."

"मी नाही येणार. राहायला नाही येणार. भेटायला येईन, दर वर्षी येईन, पण राहायला नाही. माझं सगळं आता इथे आहे."

कित्येक महिने ज्याला भीत होते ते उत्तर मला मिळालं. मी ओढणीने डोळे पुसले. नवऱ्याला खूण केली, की बस. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"बरं," मी म्हटलं. "सांगितलंस ते बरं केलंस."

"पण तू विचारत जा ना," ती म्हणाली. "बाबांसारखं. मी नाहीच म्हणणार, तरी विचारत जा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि तुझ्या छातीवर दगड?"

"असू दे. तुझा आहे."

नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हटलं, "बरं मग, सांग. कधी येतेस गं घरी?"